मूठभर थंडी

अंबरनाथला थंडी पडते हे अंबरनाथच्या बाहेर कोणाला पटत नाही. दादरच्या मावशीला फोनवर सांगावं, "मावशी, आज सकाळी बारा होतं गं," तर ती म्हणते, "मजा आहे बाबा तुमची, आमचा पंखा अजून चालू आहे." नाशिकच्या मेव्हण्याला सांगावं तर तो आधी पोटभर हसून घेतो आणि मग म्हणतो, "दाजी, बारा ही काय थंडी झाली? निफाडला या एकदा. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात आमच्याकडे." टोरांटोच्या भाच्याला तर सांगायची सोयच नाही. तो एक अक्षर न बोलता उणे वीसचा आकडा दाखवणारा फोटो पाठवून देतो. म्हणजे मुंबईच्या हिशोबाने आमची थंडी ही चैन, नाशिकच्या हिशोबाने ती अफवा आणि कॅनडाच्या हिशोबाने तो उन्हाळा. तिला कोणाचीच मान्यता नाही. आणि मान्यता नसलेल्या थंडीसाठी वेळेवर, नोव्हेंबरातच, पैसे मोजून हातमोजे घेऊन ठेवणारा माणूस अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात अजून जन्माला यायचाय.

सरकारदरबारीही तीच कथा. मुंबईची थंडी मोजतात कुलाब्याला आणि सांताक्रूझला. दोन्हीकडे समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि समुद्राचा स्वभाव असा की दिवसभर साठवलेली ऊब तो रात्रभर किनाऱ्याला वाटत बसतो. आमच्यापर्यंत येईतो वाटप संपलेलं असतं. आमच्या वाट्याला समुद्राऐवजी डोंगर आले: इकडे मलंगगड, पुढे चंदेरी, त्यामागे माथेरानची रांग. हिवाळ्यात रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन आपली उष्णता बिनबोभाट आभाळाला देऊन टाकते. जमिनीलगतची हवा गार होते, गार झाली की जड होते, आणि उतारावरून घरंगळत येऊन उल्हास नदीच्या खोऱ्यात बैठक मारते. म्हणून बदलापूरचा पारा मुंबईपेक्षा चांगलाच खाली उतरतो. तिथे हौसेने घरी यंत्रं बसवून तापमान टिपणारी मंडळी आहेत. त्यांचे आकडे अधूनमधून पेपरात छापून येतात, तेवढीच आमच्या थंडीची काय ती दखल. बाकी 'थंडीची लाट' जाहीर व्हायला खात्याचे नियम आहेत. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली पाहिजे, शिवाय ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरलेलं पाहिजे. आमचा पारा नेमका साडेदहा-अकराला येऊन घुटमळतो. लाट येत नाही, नुसतेच शिंतोडे.

जुनी मंडळी मात्र आकड्यांच्या बाबतीत श्रीमंत. सांताक्रूझची नीचांकी नोंद २२ जानेवारी १९६२ ची आहे, ७.४ अंशांची. 'बासष्टची थंडी' प्रत्यक्ष सोसलेले लोक आमच्या सोसायटीत भरपूर आहेत. त्यातल्या एका काकांचा जन्म १९६५ चा, पण त्यांना ती अगदी काल पडल्यासारखी आठवते.

असो. हे सगळे आकडे उभ्या माणसाचे झाले. मोटरसायकलवर बसलेल्या माणसाचं हवामान वेगळं असतं.

वाऱ्याने थंडी किती वाढते याचा पहिला नीट हिशोब मांडला गेला तो अंटार्क्टिकात. १९४०-४१ च्या सुमाराला पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोघांनी पाण्याने भरलेलं प्लॅस्टिकचं नळकांडं उघड्या वाऱ्यात टांगलं आणि पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. (हाच सायपल १९२८ मध्ये बॉय स्काउट म्हणून निवडला जाऊन पहिल्यांदा अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेला होता. आमच्याकडे स्काउटच्या पोरांना फार तर कोंडेश्वरला नेतात, आणि तिथून परत आणताना नाकी नऊ येतात.) पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने ते सूत्र सुधारून घेतलं. त्यात १० अंश तापमान आणि ताशी ६० किलोमीटरचा वारा घाला, उत्तर येतं ५. म्हणजे दहा अंशांत बदलापूरहून निघालेला माणूस चौथा गिअर टाकेपर्यंत महाबळेश्वरला पोचलेला असतो, तेही हॉटेलचं बिल न भरता. गंमत अशी की हे सुधारलेलं सूत्र बेतलंय ते वारा चेहऱ्याला लागला तर काय वाटेल यावर. चेहरा आमचा हेल्मेटच्या काचेमागे सुखरूप असतो. हातांना तिथेही कोणी विचारलं नाही.

हातांची ही उपेक्षा बाहेरचेच करतात असं नाही, आपलं शरीरही त्यात सामील आहे. थंडी वाढली की शरीर पहिलं काम करतं ते हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घ्यायचं. गरम रक्त आत, काळीज-यकृत-मूत्रपिंड या कायम नोकरीवरच्या मंडळींसाठी राखून ठेवायचं. बोटं पडली कंत्राटी. मंदी आली की पहिली कात्री त्यांना. एमआयडीसीत काम करणाऱ्या माणसाला हे धोरण समजावून सांगावं लागत नाही. त्यात बोटांना स्वतःचे म्हणावेत असे स्नायू जवळजवळ नाहीतच. ती हलतात ती तळहातातल्या आणि कोपराखालच्या स्नायूंनी दोऱ्या ओढल्यावर. म्हणजे हालचाल करून स्वतःपुरती ऊब कमवायचीही सोय नाही. थॉमस लुईस नावाच्या ब्रिटिश डॉक्टराने १९३० मध्ये एक मजेशीर गोष्ट दाखवली. बोट बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलं तर पाच-दहा मिनिटांनी त्यातल्या आवळलेल्या रक्तवाहिन्या आपोआप उघडतात, थोडं रक्त येऊन जातं, पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. शरीरालाही मधूनच लाज वाटते म्हणायची. एरवी बोनस द्यायचा तो द्यायचा, पण दिवाळी उलटून गेल्यावर.

दोन्ही हातांना थंडी सारखीच लागते, पण दोघांची ड्यूटी सारखी नाही. उजवा हात कायम कामावर. ॲक्सिलरेटर त्याच्याकडे, पुढचा ब्रेक त्याच्याकडे. त्याने मूठ सोडली की गाडी मंदावलीच. डावा क्लच दाबून, गिअर पडला की मोकळा. तो जॅकेटच्या खिशात जातो, मांडीखाली जातो, काखेत जातो, मध्येच खाली वाकून इंजिनच्या हेडशी लगट करून येतो. सकाळी सहाच्या सुमारास काटई-बदलापूर रस्त्यावर उभं राहून बघा, समोरून येणारा दर तिसरा माणूस एका हाताने गाडी चालवत असतो. नवख्याला वाटतं, काय आत्मविश्वास आहे या भागातल्या लोकांचा! आत्मविश्वास कसला, डाव्या हाताची शिफ्ट सुटलेली असते.

इंजिनला हात लावण्यात एक धोका आहे. हात पुरता बधीर झाला असेल तर चटका बसलेला कळत नाही. कळतं ते वास आल्यावर. बुलेटवाले याबाबतीत सुखी, त्यांच्या सिलिंडरच्या पट्ट्या ऐसपैस, सिग्नलला थांबलं की अलगद तळवा टेकवायचा. जुन्या चेतकवाल्यांचं इंजिन उजव्या अंगाला डब्याखाली, त्यामुळे त्यांच्या उजव्या पोटरीला आयुष्यभर उन्हाळा आणि हातांना हिवाळा. इलेक्ट्रिक स्कूटर घेतलेल्यांची तर सगळीकडूनच पंचाईत. खाली हात लावायला गरम असं काही नाहीच. पर्यावरण वाचलं, बोटं गेली.

हे सगळं का सोसायचं, तर पहिली शिफ्ट सातची असते आणि आनंदनगर एमआयडीसीतल्या कारखान्यांना थंडीची सबब चालत नाही. बदलापूर, वांगणी, नेरळ, मुरबाड अशा चहू बाजूंनी गाड्या निघतात. या रस्त्यांवर ज्याने दोन हिवाळे गाडी चालवली त्याला तापमापकाची गरज उरत नाही. उल्हास नदीच्या पुलावर आलं की बोटांना एकदम कोणीतरी चावल्यासारखं होतं. पुलावरून चढ लागला की चावा सैल पडतो. बारवी धरणाच्या रस्त्याला झाडी सुरू झाली की पुन्हा धरतो. मघाशी डोंगरावरून घरंगळलेली गार हवा नेमकी कुठे कुठे मुक्कामाला थांबली आहे, याचा एवढा बारीक नकाशा कुठल्याच खात्याकडे नाही. तो मुरबाडहून येणाऱ्या टर्नरच्या बोटांत आहे. यातले काही हिकमती लोक सरळ केमिकलच्या टँकरमागे गाडी लावतात. वारा अडतो, सायलेन्सरची ऊब मिळते. त्यासोबत आणखी काय काय मिळू शकतं ते टँकरच्या पाठीवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं.

मग हातमोजे का घेत नाहीत? कारण थंडी तीन-चार आठवड्यांची. डिसेंबरात दत्तजयंतीपर्यंत "अजून तशी पडली नाही" म्हणायचं, संक्रांतीनंतर "आता काय, चाललीच" म्हणायचं, आणि मधल्या काळात घरात जे सापडेल ते हातात घालायचं. पायमोजे सर्वांत लोकप्रिय. शाळेचे पांढरे पायमोजे हातात चढवून, अंगठ्याला वेगळी जागा नसल्यामुळे मुठी आवळून, बॉक्सिंगला निघाल्यासारखे गाडीवर बसलेले गृहस्थ मी विम्को नाक्यावर पाहिले आहेत. यात शास्त्र आहे बरं का. चार बोटं एकाच पिशवीत एकमेकांना बिलगून राहिली तर वेगवेगळ्या खोल्यांत राहिलेल्या बोटांपेक्षा जास्त गरम राहतात. बर्फाळ मुलखातले लोक म्हणूनच बिनबोटांचे मोजे घालतात. एकत्र कुटुंबपद्धतीचे फायदे आमच्या काकांनी या निमित्ताने पुन्हा एकदा सर्वांना ऐकवले. त्यांची स्वतःची दोन्ही मुलं डोंबिवलीला वेगळी राहतात.

पायमोज्याच्या वरची पायरी प्लॅस्टिकची पिशवी. लोकर माणसाला गरम ठेवते ती तिच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. ताशी साठच्या वाऱ्याने ती हवाच उडवून नेली तर लोकर बिचारी काय करणार? तेव्हा लोकरीवरून वारा अडवणारं काहीतरी पाहिजे, आणि त्या कामात प्लॅस्टिकचा हात धरणारं कोणी नाही. पण २०१८ पासून राज्यात कॅरीबॅगवर बंदी. उरल्या दुधाच्या पिशव्या. एक लिटरची पिशवी वरून सरळ कापायची, धुवायची, वाळवायची, हात आत घालून मनगटाला रबर लावायचं. आमच्या मजल्यावरचे एक दादा असेच जायचे, उजव्या हाताला फुल क्रीम, डाव्याला टोन्ड. विचारलं तर म्हणाले, "उजव्याला थंडी जास्त लागते."

आणि ज्यांच्या कारखान्यात फॅब्रिकेशन चालतं त्यांचा थाटच निराळा. वेल्डरचे चामडी मोजे, चांगले कोपरापर्यंत येणारे. ठिणग्या अडवायला केलेले, वारा काय सहज अडवतात. अडचण एवढीच की त्यात बोटं वाकत नाहीत, त्यामुळे हॉर्न, इंडिकेटर आणि डिपर एकदमच लागतात. लांबून वाटतं वरात येतेय. पॅकिंग खात्यातल्यांच्या वाट्याला होजियरीचे पांढरे, निळ्या ठिपक्यांचे मोजे येतात. ते थंडीला अडवत नाहीत, फक्त तिची नोंद ठेवतात.

या सगळ्या पुरुषी दैन्यात एकच वर्ग संपूर्ण सज्ज दिसतो, तो म्हणजे स्कूटीवरच्या बायका. उन्हाने हात काळवंडू नयेत म्हणून त्यांनी मार्चमध्येच सनकोट घेतलेला, दंडापर्यंतचे मोजे घेतलेले, डोक्याभोवती स्कार्फ असा गुंडाळलेला की सख्ख्या नवऱ्याने ओळखू नये. डिसेंबर आला तरी त्यांना वेगळी तयारी म्हणून करावीच लागत नाही. ते मोजे सुती असतात आणि वाऱ्यापुढे त्यांचा फारसा टिकाव लागत नाही हे खरं, पण निदान डिकी उघडली की दोन्ही मोजे हाताशी असतात. घरात उन्हाळ्याची तयारी आहे म्हणून हिवाळा निभावतो, असं हे बहुधा एकमेव गाव असेल. नवऱ्याने फार काकुळतीला येऊन मागितले तर त्या देतातही. मग मिशाळ माणूस फुलाफुलांचे मोजे घालून शिफ्टला जातो, आणि गेटवरचा वॉचमन त्या दिवशी त्याला जरा जास्तच अदबीने आत सोडतो.

मागच्या सीटवरच्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याचे दोन्ही हात पुढच्याच्या जॅकेटच्या खिशात. पुढचा भिंत, मागचा भाडेकरू. नव्या लग्नात या व्यवस्थेला फार गोड नावं असतात. लग्नाला दहा वर्षं झाली की मागून आवाज येतो, "खिशात किल्ल्यांचा जुडगा कशाला ठेवलाय? हाताला गार लागतो."

पण कधीतरी एखाद्या सकाळी पुलावर बोटं अशी काही आखडतात की माणूस चिडून ठरवतो, बस झालं, घ्यायचेच. घ्यायचे तर उल्हासनगर. फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्पला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी उल्हासनगर हे नाव दिलं, आणि तेव्हापासून 'मिळणार नाही' हे वाक्य या गावात कोणी उच्चारलेलं नाही. दुकानदाराने गिऱ्हाईकाच्या लाल नाकाकडे एकदा पाहिलं की भाव ठरतो.

"ये देखो साहेब, रेसिंगवाला. मायनस दस तक."

"मायनस दहा कशाला? मला प्लस बारापर्यंतच पाहिजे."

"प्लस बारा का भी यही है."

"लेदर आहे का?"

"लेदर जैसा."

"पाणी लागलं तर?"

"पानी में हात डालना ही क्यूं?"

या युक्तिवादाला उत्तर नसतं. साडेतीनशेपासून सुरुवात होऊन, दोनदा दुकानाबाहेर पडण्याचं नाटक करून, एकदा दुकानदाराने "सुबह का टाइम है, बोहनी है" असं संध्याकाळी सात वाजता म्हणून, सौदा एकशे ऐंशीला तुटतो. मुठीवर काळ्या प्लॅस्टिकचे दांडगे उंचवटे, मनगटाला करकर वाजणारी पट्टी, आणि पहिल्या बोटाच्या टोकाला राखाडी ठिपका. हे बोट म्हणे मोबाइलला चालतं. दुसऱ्या दिवशी घाम आला की आतला निळा रंग हाताला लागतो आणि जात नाही. थंडीत काही लोकांची बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होतात. मोरीस रेनो या फ्रेंच डॉक्टराने १८६२ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला आणि त्या विकाराला त्याचंच नाव मिळालं. त्याला बिचाऱ्याला उल्हासनगरचे ग्लोव्ह्ज माहीत नव्हते. नाहीतर निळ्या बोटांचा एक नवा प्रकार त्याला जोडावा लागला असता.

ग्लोव्ह्ज घातल्यावर थंडी थांबते, आणि मग कळतं की थंडी हीच एकटी अडचण नव्हती. स्टेशनजवळच्या पार्किंगचा देखावा बघा. गाडी लावली, लोकलची घोषणा झाली. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकलाय, त्याचं बटण जाड बोटांना सापडत नाही. किल्ली काढली ती खाली पडली, आणि जमिनीवरची किल्ली ग्लोव्ह्जने उचलणं म्हणजे चिमट्याने साबण उचलणं. पार्किंगवाल्या पोराला महिन्याचा पास दाखवायचाय तो शर्टाच्या आतल्या खिशात, त्यावर स्वेटर, त्यावर चेन लावलेलं जॅकेट. मोबाइलवर राखाडी ठिपक्याचं बोट दहा वेळा आपटून झालं, पडदा ढिम्म. शेवटी माणूस उजव्या ग्लोव्हची बोटं दातांत धरून हात ओढून काढतो आणि तो ग्लोव्ह तोंडात तसाच लोंबकळत ठेवून पास दाखवतो. पोरगा म्हणतो, "काका, काय बोलताय ते कळत नाय." घाईची वेळ असली तर काही जण नाकानेच फोन उघडतात. नाक तेवढं उघडं असतं ना.

यावर उत्तरेत एक तोडगा आहे. पंजाब-दिल्लीकडे गाडीच्या मुठींवरच रेक्झिनची, आतून केसाळ अस्तराची कव्हरं चढवतात, त्यात उघडे हात घालायचे. वारा नाही, बोटं मोकळी, मोबाइल-किल्लीची भानगड नाही. हातमोज्यापेक्षा शंभर पटींनी शहाणपणाची वस्तू. आमच्याकडचे एक गृहस्थ लुधियानाहून अशी जोडी घेऊन आले. पहिल्याच दिवशी नाक्यावर पोरांनी विचारलं, "काका, पाव भाजायला ठेवलेत काय?" दुसऱ्या दिवशी कोणीतरी एका कव्हरात शेंगांची टरफलं टाकली. त्यात बटणं दिसत नसल्यामुळे ते हॉर्नच्या जागी इंडिकेटर देत राहिले आणि रिक्षावाले त्यांना वळायला जागा करून देत राहिले. आठवड्याभरात कव्हरं उतरली. आता त्यातल्या एकात त्यांच्या घरची मांजर झोपते. थंडी सोसणं परवडतं, नाक्याची टिंगल परवडत नाही. विलायती मोठ्या गाड्यांना तर मूठच विजेवर तापते. मीही चौकशी केली होती. ओळखीच्या मेकॅनिकने शांतपणे हिशोब सांगितला: जोडीला तीस-चाळीस वॉट लागतात, आपल्या शंभर सीसीच्या गाडीचा हेडलाइटचा बल्बच पस्तीस वॉटचा. "साहेब, हात बघायचे की रस्ता, एकच काय ते ठरवा." दिवसा तरी दिवा बंद ठेवून हात तापवावेत म्हटलं, तर एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट बंदच होत नाही. भर दुपारी सूर्याला उजेड दाखवायला पस्तीस वॉट आहेत, बोटांना नाहीत.

विशेष म्हणजे हे सगळं चाललंय ते आगपेट्यांच्या गावात. स्वीडिश काडेपेटीवाल्यांनी १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढली, तिचा कारखाना इथे अंबरनाथला आला. विम्को नाका हे नाव त्यावरूनच. ज्या गावाने वर्षानुवर्षं देशभरच्या चुली, विड्या आणि शेकोट्या पेटवल्या, त्या गावातला माणूस त्याच नाक्यावर पहाटे गाडी थांबवून दोन्ही हात काखेत घालून उभा असतो. ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, पण तिथे धातूचं काम, लोकरीचं नाही. मशीन टूलचा कारखाना आहे. रेल्वेचं बाटलीबंद पाणीसुद्धा इथे होतं, म्हणजे हात आणखी गार करायची सोय आहे. हातमोज्यांचा कारखाना काढावा असं मात्र आजवर एकाही उद्योजकाला सुचलं नाही. कसं सुचणार? बाजारपेठ तीन आठवड्यांची.

शेवटी खरा हीटर म्हणजे टपरी. हिवाळ्यातला कटिंग चहा हा मुळात प्यायचा नसतोच, धरायचा असतो. काचेचा ग्लास दोन्ही तळव्यांत घ्यायचा, बोटं भोवती गुंडाळायची, आणि कोणी घाई केली तर "गरम आहे रे" म्हणायचं. चहावाल्यालाही हे ठाऊक असतं. एकदा एकाने अर्धा तास तसाच ग्लास धरून ठेवला, तेव्हा तो म्हणाला, "दादा, चहा देऊ का आता?" मात्र गारठलेल्या बोटांत ऊब परत येते ती सुखाने येत नाही. मिटलेल्या वाहिन्यांत रक्त शिरलं की अशा कळा येतात की पन्नाशीचा सुपरवायझर ग्लास खाली ठेवून एका पायावर नाचतो. शेजारचे गंभीरपणे बाजूला सरकून त्याला जागा करून देतात, कारण पुढचा नंबर त्यांचा असतो.

थंडी महाशिवरात्रीला 'शिव शिव' करत निघून जाते असं घरोघरच्या आज्या सांगतात. इतर गावांत ही नुसती म्हण असेल, आमच्याकडे तिला पत्ता आहे. वालधुनीच्या काठी शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं शिलाहारांचं शिवमंदिर आहे, शिवरात्रीला तिथे जत्रा भरते, आणि थंडी त्या गर्दीतच कुठेतरी हरवते. जत्रेतून परतताना जॅकेट कमरेला बांधलेलं असतं. ग्लोव्ह्ज डिकीत जातात. डिकीतून ते घरात येतात, घरात त्यांना नवी नोकरी लागते. गुलाबाची छाटणी, पंख्याची साफसफाई, कुकरचं झाकण. दिवाळीच्या आवराआवरीत त्यातला एक सापडतो.

आणि सापडतो तो नेहमी डावा. उजवाच सारखा काढला जातो ना, पाससाठी, पैशांसाठी, फोनसाठी, दातांत धरायला. त्यामुळे हरवतोही तोच. घरोघरी डाव्या हातांचा साठा पडून आहे, आणि डावा हात तर खिशात जाऊन मजेत असतो.

गेल्या डिसेंबरात बदलापूर अकराच्या खाली गेलं त्या रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरच्या दादांचा मेसेज आला: 'कोणाकडे उजव्या हाताचा जास्तीचा ग्लोव्ह आहे का? काळा. सकाळी पहिली शिफ्ट आहे.' पाच मिनिटांत सात उत्तरं आली. चौघांनी लिहिलं, 'डावा आहे, चालेल का?' एकाने नमस्काराचे जोडलेले हात पाठवले. बासष्टवाल्या काकांनी लिहिलं, 'याला थंडी म्हणत नाहीत.' आणि सेक्रेटरींनी कळवलं की ग्रुप फक्त पाणी आणि मेंटेनन्सच्या सूचनांसाठी आहे, तरी डावा त्यांच्याकडेही आहे, उलटा करून घातला तर बसतो, ते स्वतः कालपासून तसंच करतायत.